रक्तातून जठर वाचता येते का?

जठराच्या आत काय चालले आहे हे खात्रीने सांगायचे, तर तोंडावाटे दुर्बीण घालून अस्तर पाहावे लागते (एंडोस्कोपी) आणि त्याचे दोन-चार बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात (बायोप्सी). त्यासाठी तज्ज्ञ हवा, यंत्र हवे आणि घशातून नळी घ्यायला तयार असलेला रुग्णही हवा. रक्त मात्र तालुक्याच्या गावीही पाच मिनिटांत काढता येते आणि संध्याकाळच्या गाडीने शहरातल्या लॅबकडे पाठवता येते. म्हणून दुर्बिणीचे काम काही प्रमाणात तरी रक्ताकडून करून घेता येईल का, हा प्रश्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे चर्चेत आहे. जपान, फिनलंड, चीन आणि आता लॅटव्हियासारख्या देशांनी त्याची उत्तरे शोधली. ती एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. या मतभेदांच्या मुळाशी माझ्या मते एकच गोष्ट आहे. या चाचण्या एका प्रश्नाचे उत्तर देतात आणि आपण त्यांना विचारतो भलताच प्रश्न. जठराचे अस्तर किती झिजले आहे, हे रक्त बऱ्यापैकी सांगते. माणसाला मात्र आपल्याला कॅन्सर आहे की नाही, हे हवे असते. हा फरक लक्षात ठेवला तर परस्परविरोधी वाटणारे बरेच निष्कर्ष आपापल्या जागी बसतात.

पेप्सिनोजेनची गोष्ट

अन्नातली प्रथिने तोडणाऱ्या जठरातल्या द्रव्याला थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये पेप्सिन हे नाव दिले. जठराच्या पेशी ते थेट तयार करत नाहीत. त्या पेप्सिनोजेन हे त्याचे निष्क्रिय रूप तयार करतात आणि आम्लाच्या संपर्कात आल्यावर त्याचे पेप्सिन होते. तयार झालेले जवळपास सगळे पेप्सिनोजेन जठराच्या पोकळीत उतरते, पण सुमारे एक टक्का रक्तात झिरपतो. रक्तचाचणीचा सगळा डोलारा या एका टक्क्यावर उभा आहे. अमेरिकेतले संशोधक मायकेल सॅमलॉफ यांनी पेप्सिनोजेनचे दोन गट वेगळे ओळखले. पहिला गट फक्त जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या ग्रंथी तयार करतात. दुसरा गट जठरात सर्वत्र तयार होतो, शिवाय लहान आतड्याच्या सुरुवातीलाही. त्यामुळे मधल्या भागातल्या ग्रंथी आक्रसू लागल्या की पहिला गट घटतो, दुसरा टिकून राहतो आणि दोघांचे गुणोत्तर खाली येते. सॅमलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये रक्तातली ही पातळी आणि बायोप्सीतले अस्तर यांचा संबंध दाखवला, तेव्हा रक्तातूनच बायोप्सी करता येईल अशी आशा निर्माण झाली.

ही झीज मोजण्याला महत्त्व आले ते दुसऱ्या दोन शोधांमुळे. पेलायो कोरेआ यांनी १९७५ पासून असे मांडले की जठराचा नेहमीचा कॅन्सर एकाएकी होत नाही. आधी दीर्घकाळ दाह राहतो, मग ग्रंथी झिजतात, मग अस्तराचे रूप आतड्यासारखे होते, मग पेशी बिघडतात आणि शेवटी कॅन्सर होतो. या वाटचालीला अनेक वर्षे, बहुधा दशके लागतात. दुसरा शोध १९८२ मधला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू वाढवून दाखवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने आज तो सर्वांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कॅन्सरकारकांच्या पहिल्या वर्गात टाकले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. दाह कोण लावतो हे आता कळले होते आणि दाहाचा शेवट कुठे होऊ शकतो हेही. मधल्या टप्प्यावर कोण उभा आहे हे ओळखण्याचे साधन म्हणून पेप्सिनोजेनकडे पाहिले जाऊ लागले.

जपानची वाट

जठराच्या कॅन्सरचा भार मोठा असलेल्या जपानने बेरियम पाजून एक्स-रे काढण्याची तपासणी १९६० च्या दशकापासून वापरली. तिला पर्याय म्हणून काझुमासा मिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेप्सिनोजेन पद्धत पुढे आणली. पेप्सिनोजेन १ जर ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल आणि पहिल्या-दुसऱ्याचे गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल, तर अस्तर झिजले आहे असे धरायचे. नंतर तिला जिवाणूच्या अँटिबॉडीची जोड मिळाली आणि एबीसी पद्धत तयार झाली. दोन्ही निकाल चांगले तो ए गट. फक्त जिवाणू असेल तो बी. जिवाणूही आहे आणि झीजही, तो सी. झीज आहे पण अँटिबॉडी सापडत नाही, तो डी.

या पद्धतीच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास २००५ मध्ये ‘गट’ (Gut) या नियतकालिकात आला. त्यात ६,९८३ माणसांवर सरासरी जवळजवळ पाच वर्षे लक्ष ठेवले होते. दरवर्षी कॅन्सर होण्याचे प्रमाण ए गटात ०.०४ टक्के, बीमध्ये ०.०६, सीमध्ये ०.३५ आणि डीमध्ये ०.६० टक्के निघाले. ए आणि डी यांच्यात पंधरा पटींचे अंतर आहे. एका साध्या रक्तनमुन्यातून इतके अंतर दिसावे, ही वैद्यकात सहज मिळणारी गोष्ट नाही. पण या आकड्यांत आणखी एक बाब आहे आणि रिपोर्ट हातात घेणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यायला हवी. सर्वांत जास्त धोका असलेल्या डी गटात जिवाणूची चाचणी निगेटिव्ह येते. अस्तर इतके झिजलेले असते की तो जिवाणूही तिथे तग धरू शकत नाही. हळूहळू अँटिबॉडीही विरते. ‘पायलोरी निगेटिव्ह’ हा शब्द वाचून माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण शेजारच्या ओळीतले पेप्सिनोजेन खाली असेल तर त्याच निगेटिव्हचा अर्थ उलटा होतो. या चाचण्या सुट्या सुट्या वाचू नयेत, असे तज्ज्ञ सांगतात ते यामुळे.

असे असूनही जपानच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सार्वजनिक खर्चाच्या तपासणीसाठी या पद्धतीची शिफारस केली नाही. २०१४ च्या आवृत्तीत एक्स-रेबरोबर एंडोस्कोपीला मान्यता मिळाली, पेप्सिनोजेन आणि अँटिबॉडी यांच्याबाबत मात्र पुरावा अपुरा ठरला. या भूमिकेमागचा तर्क कडक आहे, पण योग्यही आहे. चाचणीने धोका ओळखला, एवढे पुरेसे नाही. चाचणी केलेल्या समूहात कॅन्सरने मरणाऱ्यांची संख्या घटली, हे दाखवावे लागते. एबीसीचे समर्थक म्हणतात की आमची पद्धत कॅन्सर शोधण्याची नाहीच, कोणाला आधी दुर्बिणीसाठी बोलवायचे याचा क्रम लावण्याची आहे, तेव्हा तिला कॅन्सर तपासणीच्या मापाने का तोलता? मला यात तथ्य दिसते. पण क्रम लावण्याचा फायदाही शेवटी मृत्यू कमी होण्यातूनच दिसायला हवा आणि तो पुरावा मिळेपर्यंत सरकारी तिजोरीने थांबावे, हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पद्धत वापरता वापरता तिच्या फटीही दिसू लागल्या. २०१३ मध्ये जपानच्या विम्याने पायलोरीमुळे होणाऱ्या जठरदाहावरचे औषधोपचार मान्य केले. त्यानंतर लाखो लोकांचा जिवाणू गेला. अशा माणसाची अँटिबॉडी उतरते, पेप्सिनोजेन सुधारते आणि तो निरोगी ए गटात जाऊन बसतो. झिजलेले अस्तर मात्र पूर्ववत होत नाही आणि धोका काही प्रमाणात राहतो. म्हणून उपचार घेतलेल्यांसाठी ‘ई’ हा वेगळा गट करावा लागला. शिवाय जठराच्या कॅन्सरचा पसरट प्रकार झिजेच्या वाटेने येतोच असे नाही. तो तुलनेने तरुण वयातही होतो आणि पेप्सिनोजेनला तो हुलकावणी देऊ शकतो.

फिनलंडची वाट आणि गॅस्ट्रिनचा गुंता

युरोपात हेलसिंकीच्या बायोहिट कंपनीने चार मोजमापे एकत्र आणली: दोन्ही पेप्सिनोजेन, पायलोरीच्या अँटिबॉडी आणि गॅस्ट्रिन-१७. गॅस्ट्रोपॅनेल या नावाने हा संच विकला जातो. गॅस्ट्रिन हे जठराच्या खालच्या भागातल्या पेशींचे संप्रेरक. ते आम्ल वाढवायला सांगते आणि आम्ल वाढले की स्वतः मागे हटते. यामागचा तर्क देखणा आहे. वरचा-मधला भाग झिजला तर आम्ल घटते, म्हणून गॅस्ट्रिन वर जाते. खालचा भाग झिजला तर गॅस्ट्रिन बनवणाऱ्या पेशीच कमी होतात, म्हणून ते खाली येते. म्हणजे रक्ताच्या एका नळीतून जठराच्या दोन भागांचा नकाशा मिळायला हवा.

प्रत्यक्षात हा नकाशा धूसर होतो. उपाशीपोटी गॅस्ट्रिन कमी असण्याचे कारण खालच्या भागाची झीज असू शकते, तसेच आम्ल भरपूर असलेले निरोगी जठरही असू शकते. दोन्ही वेगळे करायचे तर प्रथिनयुक्त पेय पाजून पुन्हा रक्त घ्यावे लागते आणि रोजच्या कामात ते क्वचितच होते. उलट बाजूला गॅस्ट्रिन खूप वाढलेले आढळले तर त्याची कारणे टोकाची विरुद्ध असू शकतात. १९५५ मध्ये झोलिंजर आणि एलिसन यांनी वर्णन केलेल्या आजारात गाठ गॅस्ट्रिन ओतते आणि जठर आम्लाने भरून वाहते. झिजलेल्या जठरात आम्ल नसते म्हणून गॅस्ट्रिन वाढते. आकडा सारखाच, आजार उलटे. त्यात ॲसिडिटीच्या गोळ्यांची भर. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे आम्ल दाबतात, त्यामुळे गॅस्ट्रिन आणि पेप्सिनोजेन दोन्ही वाढतात. आपल्याकडे ही गोळी सकाळच्या चहाइतकी सवयीची झालेली माणसे थोडी नाहीत. रक्त घेताना ‘कोणती गोळी चालू आहे’ हा प्रश्न विचारला गेला नसेल, तर त्या रिपोर्टातल्या आकड्यावर विसंबता येत नाही. मूत्रपिंड निकामी होत असेल तरी पेप्सिनोजेन रक्तात साचते. तेही विचारायला हवे.

गॅस्ट्रोपॅनेलचे अभ्यास एकसुरी नाहीत. २०१७ मध्ये वीस अभ्यासांतल्या ४,२४१ माणसांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा झीज असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के पकडले गेले आणि झीज नसलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के बरोबर बाजूला निघाले. त्याआधी २०१४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी मात्र निदानासाठी ही चाचणी पुरेशी अचूक नाही, असा निष्कर्ष काढला होता. ही तफावत काही अंशी कसोटीतच आहे. ज्या बायोप्सीशी रक्ताची तुलना करायची, ती स्वतः कितपत पक्की आहे? दाह दाट असला की ग्रंथी खरोखर गेल्या आहेत की फक्त झाकल्या गेल्या आहेत, यावर पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होत नाही, विशेषतः खालच्या भागाच्या तुकड्यांबाबत. झीज ठिपक्याठिपक्यांनी पसरते, त्यामुळे तुकडा कुठून घेतला यावरही निकाल फिरतो. तरीही रक्ताचे समर्थक जेव्हा बायोप्सीलाच सदोष ठरवून आपली बाजू लढवतात, तेव्हा ते थोडे पुढे जातात असे मला वाटते. कसोटी डळमळीत असेल तर चाचणी खोटी ठरत नाही, पण खरीही ठरत नाही.

आकडे भारतात आणल्यावर

२०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार पेप्सिनोजेन चाचणी जठराच्या कॅन्सरचे ६९ टक्के रुग्ण ओळखते आणि कॅन्सर नसलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना बरोबर वगळते. झिजेच्या बाबतीत हेच आकडे ६९ आणि ८८ आहेत. म्हणजे ही झिजेची चाचणी म्हणून बरी आणि कॅन्सरची चाचणी म्हणून कमकुवत. समजा, दहा हजार माणसे आहेत आणि त्यांच्यात दहा जणांना कॅन्सर आहे. चाचणी सात जणांना पकडेल, तिघांना ‘ठीक’ म्हणून घरी पाठवेल आणि कॅन्सर नसलेल्या सुमारे २,७०० माणसांना दुर्बिणीच्या रांगेत उभे करेल. कॅन्सर असलेले दहाऐवजी पन्नास असते तर रांग तेवढीच राहिली असती, पण हाती पस्तीस जण लागले असते. चाचणी तीच, लॅब तीच. बदलला तो फक्त समाज. ज्या देशात आजार जास्त, तिथे जी चाचणी उपयोगी, तीच आजार कमी असलेल्या देशात ओझे होऊ शकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ते २,७०० सगळे फुकट पकडलेले नाहीत, त्यांच्यातल्या अनेकांचे अस्तर खरोखर झिजलेले असेल आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल. युरोपीय तज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत: पेप्सिनोजेन १ किंवा गुणोत्तर खाली असेल तर एंडोस्कोपी करावी, विशेषतः अँटिबॉडी निगेटिव्ह असेल तेव्हा, आणि झीज प्रगत असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा पाहावे. पण दर तीन वर्षांनी पुन्हा पाहायला तेवढ्या दुर्बिणी आणि तेवढे हात लागतात. दक्षिण कोरियाने चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणी देऊ केली आणि एंडोस्कोपी घेतलेल्यांत जठराच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी असल्याचे २०१७ मध्ये दाखवले. तिथे मधल्या रक्तचाचणीची गरजच कमी उरते.

भारताचे चित्र या दोहोंपेक्षा वेगळे आहे. पायलोरीचा संसर्ग इथे सर्रास आहे, तरी देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी. मिझोराम हा ठळक अपवाद. ऐझॉल जिल्ह्यातले प्रमाण देशात सर्वाधिक आहे आणि तिथल्या अभ्यासांत धुरावलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तुइबूर हे तंबाखूच्या धुराचे पाणी यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. या चाचण्यांचा देशात कुठे पद्धतशीर प्रयोग व्हायचाच असेल, तर त्याची जागा तिथे आहे, मुंबई-पुण्याच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये नव्हे. संसर्ग इतका पसरलेला असताना अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली यातून विशेष काही कळत नाही. शिवाय उपचारानंतरही ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहते. जिवाणू आत्ता आहे का, हे जाणून घ्यायचे असेल तर श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचाची अँटिजेन चाचणी जास्त विश्वासार्ह आहे. आणि ७० व ३ हे कटऑफ जपानी माणसांवर, तिथल्या किटने ठरले आहेत. गॅस्ट्रोपॅनेल पेप्सिनोजेन १ साठी ३० चा आकडा धरतो. एका किटचा आकडा दुसऱ्या किटच्या कटऑफशी ताडणे ही चूक आहे.

महाराष्ट्रात या चाचणीचा एक उपयोग मला कॅन्सरइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले. आहारात मांस-अंडी नसणे हे त्याचे मोठे कारण. पण बी-१२ शोषण्यासाठी लागणारे प्रथिन जठराच्या त्याच मधल्या भागातून येते, ज्याची झीज पेप्सिनोजेन १ दाखवते. शरीर स्वतःच्याच जठरावर हल्ला करते त्या आजारात पेप्सिनोजेन १ अगदी तळाला जाते, गॅस्ट्रिन खूप वाढते आणि जठराच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. शाकाहारी समाजात कमी बी-१२ चे खापर सरसकट आहारावर फुटते आणि असा एखादा रुग्ण गर्दीत हरवतो. गोळ्या देऊनही पातळी वारंवार घसरत असेल किंवा मांसाहारी माणसाचे बी-१२ खाली असेल, तिथे या तीन चाचण्या मिळून खरे कारण दाखवू शकतात. इथे विचारलेला प्रश्न आणि चाचणीचे उत्तर जुळतात.

ट्यूमर मार्कर आणि नवे दावेदार

सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ यांची नावे रुग्णांच्या तोंडी असतात. सीईएचा शोध १९६५ मध्ये माँट्रियलला लागला. उपचार चालू असलेल्या रुग्णात आजार वाढतोय की ओसरतोय हे पाहायला हे मार्कर कामी येतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा सामान्य असतात आणि इतर अनेक कारणांनी वाढतात. निरोगी माणसाने ते करून घेण्यात अर्थ नाही. याबाबत तज्ज्ञांत फारसा वादही नाही.

नव्या वाटांपैकी दोन दखल घेण्याजोग्या. चीनमधल्या १४,९२९ माणसांच्या अभ्यासातून २०१९ मध्ये जी गुणपद्धती मांडली गेली, तिच्यात पेप्सिनोजेनचे गुणोत्तर, गॅस्ट्रिन-१७ आणि अँटिबॉडी यांच्याबरोबर वय, लिंग, खारवलेले अन्न आणि तळलेले अन्न यांनाही गुण आहेत. रक्ताला माणसाची माहिती जोडली की त्याचा अर्थ नेमका होतो, हे तिने दाखवले. सिंगापूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये बारा मायक्रो-आरएनएंचा संच ५,२४८ जणांवर तपासला आणि तो पेप्सिनोजेनपेक्षा सरस निघाला. तो झिजेऐवजी कॅन्सरचाच माग घेतो, ही त्याची जमेची बाजू. पण धोका आधीच जास्त असलेल्या गटाबाहेर तो कसा वागेल, हे आणखी अभ्यासांतूनच कळेल.

जे ठरायचे आहे

सर्वांत मोठी उणीव मृत्यूच्या आकड्यांची आहे. ती भरून काढण्यासाठी लॅटव्हियात जिस्टार हा तुलनात्मक अभ्यास चालू आहे. ४० ते ६४ वयाची तीस हजार माणसे, अर्ध्यांना पेप्सिनोजेन तपासणी आणि पायलोरीचा उपचार, अर्ध्यांना नेहमीची सेवा, आणि पंधरा वर्षांची वाट पाहणे, अशी त्याची आखणी आहे. चाचणी किती वर्षांनी पुन्हा करावी, उपचार घेतलेल्यांचे आकडे कसे वाचावेत आणि आम्ल दाबणारी औषधे घेणाऱ्यांसाठी वेगळे कटऑफ हवेत का, हे प्रश्नही मोकळे आहेत. जगात जठराच्या कॅन्सरचे २०२२ मध्ये सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि ६ लाख ६० हजार माणसे दगावली. या प्रश्नांची घाई असण्याचे कारण एवढे मोठे आहे.

तोवर वाचकांना एकच सांगणे आहे. विनाकारण घटणारे वजन, गिळताना अडकणारा घास, डांबरासारखे काळे शौच, वारंवार होणारी उलटी किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय यांतले काही असेल, तर पेप्सिनोजेनच्या रिपोर्टाची वाट पाहू नका आणि तो चांगला आला म्हणून थांबूही नका. थेट एंडोस्कोपी करून घ्या.